गझालींची आग आणि कापूस: कार्यकारणसंबंध नाकारला, की त्याची अनिवार्यता?

अजिंक्यतारा (सातारा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आम्ही साताऱ्यातील काही जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून तत्त्वज्ञानाचे वाचन करतो. यंदा इस्लामी तत्त्वज्ञान हा विषय घेतला आहे. अल्-किंदी, अल्-फाराबी आणि इब्न सीना यांच्यापर्यंतचे वाचन बरे झाले. पण अबू हामिद अल्-गझाली (१०५८–११११) यांच्या ‘तहाफुत अल्-फलासिफा’, म्हणजे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’, या ग्रंथातील सतराव्या प्रकरणावर आमच्या दोन बैठका अडल्या आहेत.

या प्रकरणात गझाली म्हणतात की, सवयीने आपण ज्याला कारण मानतो आणि ज्याला कार्य मानतो, त्या दोहोंचा संबंध अनिवार्य नाही. पाणी पिणे आणि तहान भागणे, जेवणे आणि पोट भरणे, औषध आणि गुण येणे अशी उदाहरणे देऊन ते आग आणि कापूस या जोडीवर येऊन थांबतात. कापसाला आग भिडली की कापूस जळतो, एवढेच आपण पाहतो. आगीनेच तो जाळला, हे आपण पाहिलेले नसते, असे त्यांचे म्हणणे आहे.

बैठकीहून घरी आलो, तेव्हा आई देवापुढे दिवा लावत होती. तिने दुपारी वळून ठेवलेली वात तेलात बुडवली, तिचे टोक दोन बोटांनी जरा पिळले आणि काडी लावली. मी जवळ उभा राहून पाहत होतो. ज्योत टोकापाशी आली, टोक काळवंडले आणि वात पेटली. यात ‘आगीने जाळले’ हे नेमके कोणत्या क्षणी दिसले, असे मी स्वतःला विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांचे मत असे की, आग जाळते हेच ज्याने नाकारले त्याने विज्ञानाची वाट बंद केली आणि इस्लामी जगातील तत्त्वज्ञान त्यामुळेच संपले. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पण तो खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही आणि मला अरबी येत नाही. गझालींनी कार्यकारणभाव खरोखर नाकारला आहे का? नंतरचे तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी त्यांना काय उत्तर दिले आणि ते पुरेसे आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली) यांचे उत्तर

आपण वातीपाशी थांबलात ते बरे केलेत, कारण गझालींचा सारा युक्तिवाद त्या एका क्षणावर उभा आहे. मी निवृत्त अध्यापक आहे आणि काही वर्षे अरबी शिकलो आहे, म्हणून मूळ शब्दांपासून सुरुवात करतो. गझाली दोन छोटे शब्द समोरासमोर ठेवतात: ‘इंदहू’ आणि ‘बिही’. पहिल्याचा अर्थ ‘त्याच्यापाशी, ते असताना’ आणि दुसऱ्याचा ‘त्याच्यामुळे’. जळणे आगीपाशी घडले एवढेच निरीक्षण सांगते. ते आगीमुळे घडले, हे निरीक्षण सांगत नाही. मराठीत ‘आग लागल्यावर’ आणि ‘आग लागल्यामुळे’ यांत जो फरक आहे, तोच हा. बोलता बोलता आपण ‘वर’कडून ‘मुळे’कडे कधी सरकतो, ते आपल्या ध्यानातही येत नाही.

यावर त्यांनी दिलेला एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. एक जन्मांध माणूस आहे; रात्र आणि दिवस यांतील फरक त्याने कोणाकडून ऐकलेलाही नाही. एके दिवशी भर उजेडात त्याच्या डोळ्यांवरचे पटल दूर होते आणि त्याला रंग दिसू लागतात. पापणी उघडली की रंग दिसतात आणि मिटली की दिसत नाहीत, म्हणून डोळे उघडणे हेच रंग दिसण्याचे कारण, असे तो ठामपणे समजतो. मग सूर्य मावळतो, हवेत अंधार पसरतो, आणि उघड्या डोळ्यांनाही काही दिसेनासे होते, तेव्हा त्याला कळते की रंग दिसण्याचे कारण सूर्यप्रकाश होते. ज्याचा कधीच लोप होत नाही, असे एखादे कारण आपल्या पाठीशी असेल, तर ते आपल्या लक्षात येणार कसे, हा गझालींचा प्रश्न आहे.

हा वाद का उद्भवला, तेही सांगणे आवश्यक आहे. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या मांडणीत ईश्वर हे ‘वाजिब अल्-वुजूद’, म्हणजे ज्याचे असणे अनिवार्य आहे असे तत्त्व आहे, आणि जग त्याच्यापासून अनिवार्यपणेच निष्पन्न होते. त्या जगात आग आपल्या स्वभावानुसार जाळल्यावाचून राहू शकत नाही. गझालींना यात ईश्वराच्या इच्छेला जागा उरत नाही असे दिसले, आणि इब्राहीम पैगंबरांना आगीने जाळले नाही, या कुराणातील वचनाचा अर्थही लावता येईना. त्यांच्यामागे अशअरी पंथाच्या कलामची, म्हणजे तर्काधिष्ठित धर्ममीमांसेची, परंपरा होती. त्या परंपरेनुसार वस्तू परमाणूंच्या बनलेल्या असतात, त्यांचे गुणधर्म दोन क्षणही टिकत नाहीत आणि ईश्वर ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण करत असतो. शिवाय गझालींच्या मते ‘कर्ता’ म्हणवण्यासाठी ज्ञान आणि इच्छा लागते. आग तर निर्जीव आहे, मग तिला कर्तेपण कुठून येणार?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आग जाळते हा नेहमीचा अनुभव गझाली नाकारत नाहीत. प्रतिपक्षाचा सर्वांत कडक आक्षेप ते स्वतःच मांडतात: अनिवार्यता नसेल, तर घरी ठेवलेल्या पुस्तकाचा एव्हाना घोडा झाला नसेल कशावरून? याला त्यांचे एक उत्तर असे की, ईश्वराने जगाला एक रीत लावून दिली आहे आणि तसे घडत नाही हे ज्ञानही आपल्यात निर्माण केले आहे. या रीतीला ते ‘आदा’ म्हणतात. दखनीत आपण ‘आदत’ म्हणतो, तोच हा शब्द. दुसरे उत्तर याहून वेगळे आहे. त्यात ते वस्तूंचा स्वभाव मान्य करतात, पण परिणाम अडवणारे काही मध्ये येऊ शकते असे सांगतात. अंगाला अभ्रकासारख्या खनिजाचा लेप देऊन धगधगत्या भट्टीत बसलेला माणूस जळत नाही, आणि ज्याने ते कधी पाहिले नाही तो यावर विश्वास ठेवणार नाही, हे त्यांचे उदाहरण.

राहिला विज्ञानाची वाट बंद केल्याचा आरोप. वीस प्रश्नांपैकी फक्त तीन मतांना गझाली धर्मबाह्य ठरवतात: जग अनादी आहे, ईश्वराला विशिष्ट घटनांचे ज्ञान केवळ सामान्य रूपानेच होते, आणि पुनरुत्थान देहाचे नसते. सतराव्या प्रकरणातील कार्यकारणाचा प्रश्न या तिन्हींत नाही. ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाखाली नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो, असे याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी बजावले आहे. तर्कशास्त्रावर तर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली, आणि धर्मशास्त्रावरील ‘अल्-मुस्तस्फा’च्या आरंभी, ज्याला तर्कशास्त्र येत नाही त्याच्या ज्ञानाचा भरवसा धरता येत नाही, अशा आशयाचे विधान केले. असा माणूस बुद्धीचा शत्रू होता, असे मला म्हणवत नाही.

तरफ (मिरज) यांचे उत्तर

आदरणीय सर, आपले विवेचन मनापासून आवडले. तरी मी इब्न रुश्द यांच्या बाजूने लिहिणार आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून सतारी बनतात. मी लहान असताना अब्बा एखादी सतार पूर्ण करून मांडीवर घेत आणि वरची एक तार छेडत, तेव्हा पडद्यांखालच्या तरफा, म्हणजे वरच्या तारांच्या नादाने आपसूक झंकारणाऱ्या बारीक तारा, कोणी हात न लावता झंकारत. मला वाटे, तरफा आपोआप वाजतात. ‘वरची तार वाजल्यावर तरफ वाजते’, एवढेच मला दिसत होते. म्हणजे सर म्हणतात तसे, मी ‘वर’पाशी होते.

एके दिवशी अब्बांनी कागदाचा बारीक तुकडा दुमडून एका तरफेवर ठेवला आणि वरच्या तारेवर तोच स्वर छेडला. तुकडा उडाला. मग त्यांनी खुंटी किंचित पिळून ती तरफ उतरवली, पुन्हा कागद ठेवला आणि पुन्हा तोच स्वर छेडला. कागद जागचा हलला नाही. शेजारच्या जुळलेल्या तरफेवरचा कागद मात्र थरथरून खाली पडला. तरफ केव्हा बोलेल आणि केव्हा गप्प राहील, हे तिच्या जुळणीवर ठरते, हे त्या दिवशी कळले. माझ्यासाठी ते ‘मुळे’ होते.

इब्न रुश्द (११२६–११९८) हे कोर्दोबाचे काझी आणि वैद्य. त्यांनी ‘तहाफुत अत्-तहाफुत’ म्हणजे ‘विसंगतीची विसंगती’ लिहून गझालींना परिच्छेदागणिक उत्तर दिले. त्यांचा गाभ्याचा मुद्दा असा की, प्रत्येक वस्तूचा एक स्वभाव असतो, स्वभावातून तिचे विशिष्ट कार्य येते आणि त्या कार्यावरूनच आपण तिला नाव देतो, तिची व्याख्या करतो. आगीचे जाळणे काढून घेतले, तर ‘आग’ या शब्दाला काय अर्थ उरला? मग सर्व वस्तू एकसारख्या होतील, किंबहुना ‘एक वस्तू’ असेही काही म्हणता येणार नाही. वस्तू कारणांसह जाणणे म्हणजेच बुद्धी. म्हणून कारणे नाकारणारा बुद्धीच नाकारतो.

‘आदत’ या शब्दालाही त्यांनी सोडलेले नाही. आदत कोणाची, असे ते विचारतात. ईश्वराची म्हणाल, तर आदत वारंवार करून जडते, आणि ईश्वराला असे काही जडू शकत नाही. निर्जीव वस्तूंची म्हणाल, तर तो त्यांचा स्वभावच झाला. आणि वस्तूंविषयी निर्णय करण्याची आपली आदत म्हणाल, तर ती बुद्धीचीच क्रिया आहे. या तीन फाट्यांपैकी कोणताही घेतला तरी गझालींना हवे होते तेथे पोहोचता येत नाही. हा युक्तिवाद वाचताना मला अब्बांचा खुंटी पिळणारा हात आठवतो. तीच तरफ, तोच स्वर, बदलली ती फक्त जुळणी.

न्यायाभ्यासक (वाई) यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे वाचून राहवले नाही. मी वाईला राहतो, न्यायशास्त्राचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतील न्यायदर्शनाचा, विद्यार्थी आहे, आणि अरबी अजिबात जाणत नाही. पण हा वाद वाचताना आमच्या पाठशाळेतल्या पाठांचीच आठवण होत राहते.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कारणाची व्याख्या आहे: ‘कार्यनियतपूर्ववृत्ति कारणम्’. कार्याच्या आधी जे नियमाने असते, ते कारण. येथे ‘नियत’ हा शब्द आहे, ‘अनिवार्य’ नाही. उलटे घडणे तर्कतः अशक्य आहे असा दावा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, करत नाहीत, कधीही व्यभिचार, म्हणजे नियमाला अपवाद, आढळत नाही एवढेच म्हणतात. त्या मर्यादेत गझाली आणि नैयायिक जवळ येतात. मात्र आम्ही एक अट जोडतो: ते ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे आधी हजर असूनही कार्यासाठी गरजेचे नसलेले, असता कामा नये. कुंभाराच्या घटापूर्वी माती वाहून आणणारे गाढवही तेथे असतेच. म्हणून गाढव घटाचे कारण ठरत नाही. आपण जे ‘इंदहू’ म्हणालात, त्यातून ‘बिही’ गाळून घेण्याची चाळणी ती हीच. ताईंच्या अब्बांनी तरफ उतरवून जे केले, ते याच चाळणीचे काम होते: एक गोष्ट बदलली, बाकी तशीच ठेवली आणि कार्य नाहीसे होते का ते पाहिले.

याहून नवल वाटले ते भट्टीतल्या लेपाचे. आमच्याकडे मीमांसक (वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाच्या मीमांसादर्शनाचे अनुयायी) आणि नैयायिक यांच्यात अगदी हाच वाद आहे. विशिष्ट मणी जवळ असला तर आग जाळत नाही आणि मणी दूर केला की जाळते, हे दोन्ही पक्षांना मान्य. मीमांसक म्हणतात, आगीत ‘शक्ती’ नावाचा वेगळा पदार्थ मानला पाहिजे. मणी ती शक्ती नष्ट करतो. नैयायिक म्हणतात, वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही. दाहाच्या कारणसामग्रीत ‘प्रतिबंधकाचा अभाव’ हाही एक घटक धरला की पुरे. विश्वनाथ पंचानन यांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त ही चर्चा पदार्थांच्या गणनेतच येते, त्यामुळे विद्यार्थ्याला ती फार लवकर भेटते. आगीचा स्वभाव शाबूत असूनही ती जाळत नाही, हे इब्न रुश्द कसे समजावतात, ते जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे.

एक मोठा भेद मात्र झाकू नये. न्यायमतात ईश्वर हे जगाचे निमित्तकारण, म्हणजे घटाला जसा कुंभार तसे घडवणारे कारण, आहे, पण धागे हे कापडाचे कारण आहेत, हे तो काढून घेत नाही. गुणधर्म क्षणोक्षणी नव्याने निर्माण होतात हे अशअरी मत ऐकले, तर आमचे आचार्य त्यांना बौद्धांच्या क्षणिकवादाशेजारी, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मताशेजारी, बसवतील. मात्र बौद्धांच्या क्षणांमागे ईश्वर नाही, आणि अशअरींच्या क्षणांमागे केवळ तोच आहे.

तरफ (मिरज) यांचे उत्तर

न्यायाभ्यासक यांना: इब्न रुश्द जवळपास आपल्या नैयायिकांसारखेच बोलतात. आगीला संवेदनशील शरीर मिळाले की ती जाळते. पण त्या शरीराशी संबंध असलेली दुसरी एखादी वस्तू तिला अडवू शकते, आणि येथे ते त्याच खनिजाचा उल्लेख करतात. मात्र तेवढ्याने आगीची दाहकता जात नाही. जोवर तिला ‘आग’ हे नाव आणि आगीची व्याख्या लागू आहे, तोवर दाहकता तिच्यात आहेच. म्हणजे गझालींच्या दुसऱ्या उत्तराशी त्यांचे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते पहिल्याशी.

अजिंक्यतारा (सातारा) यांचा पुढील प्रश्न

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. ताईंच्या तरफेने गझाली निरुत्तर होतात का? आणि सर्व काही ईश्वरच घडवत असेल, तर माणसाने काही करायचेच कशाला, या प्रश्नाला गझालींकडे उत्तर आहे का? गझालींच्या नंतर तत्त्वज्ञान संपले का, या मुद्द्यावरही सरांनी लिहावे.

कृष्णाकाठ (सांगली) यांचे उत्तर

शेवटच्या मुद्द्याला फार वेळ लागू नये, कारण ‘संपले’ हे मत तथ्यांपुढे टिकत नाही. गझालींनंतर सुहरावर्दी (११५४–११९१) यांनी ‘इश्राक’ म्हणजे प्रकाशाचे तत्त्वज्ञान उभारले. फख्रुद्दीन राझी यांनी इब्न सीनांवर कडक टीका केली आणि नसीरुद्दीन तूसी (१२०१–१२७४) यांनी तिला उत्तर दिले. हेच तूसी इराणमधील मराघा येथील वेधशाळेचे प्रमुख होते. सतराव्या शतकात इराणमध्ये मुल्ला सद्रा (मृत्यू १६४०) यांनी अस्तित्व मूळ की सार मूळ, या प्रश्नाची नव्याने मांडणी केली. भारतात तर लखनौच्या फिरंगी महलमधील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘दर्स-ए-निजामी’ या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना मोठे स्थान होते. इब्न रुश्द यांच्यापाशी गोष्ट संपते, हा समज मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी रूढ केला, कारण त्यांना ज्या धाग्याची ओढ होती तो इब्न रुश्द यांच्याकडून लॅटिन युरोपात जाणारा होता. आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे आदरपूर्वक सांगावे.

तरफेचा दाखला मला फार आवडला, पण गझाली त्याने निरुत्तर होत नाहीत, असे माझे मत आहे. जुळलेली तरफ बोलते आणि उतरलेली गप्प राहते, याने आपल्याला अधिक बारीक नियम कळला. हवेतून आणि घोडीतून (ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीतून) कंप पोहोचतो हे सांगितले, तर त्याहून बारीक कळला. पण प्रत्येक पायरीवर गझाली तोच प्रश्न विचारतील: येथे तुम्हाला ‘नियमाने घडते’ दिसले, की ‘घडलेच पाहिजे’ दिसले? इब्न सीना यांनाही ही अडचण ठाऊक होती. सकमोनिया नावाचे रेचक पित्त बाहेर काढते हे वारंवार पाहिले, एवढ्याने ज्ञान होत नाही, असे ते म्हणतात. जे योगायोगाने घडते ते नेहमी किंवा बहुतेक वेळा घडत नाही, हे एक विधान त्यामागे गृहीत असते. गझालींनी आपल्या तर्कशास्त्रावरील पुस्तकात अनुभवातून मिळणारे हे ज्ञान स्वीकारले आहे. म्हणून रेचकाने गुण येईल या ज्ञानाला त्यांचा विरोध नाही. तो गुण रेचकाच्या अंगच्या अनिवार्यतेतून येतो, या दाव्याला आहे. ताई आणि मी येथे वेगवेगळ्या बाजूंना राहणार, असे दिसते.

आता माणसाच्या कृतीविषयी. अशअरी परंपरेत याला ‘कस्ब’ म्हणतात: कृती ईश्वर निर्माण करतो आणि माणूस ती आपलीशी करतो, म्हणून जबाबदारी माणसाची. हे उत्तर मला तितकेसे समाधानकारक वाटत नाही. ‘आपलीशी करणे’ म्हणजे नेमके काय, हे विचारले की ते निसटते. पण ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथातील तवक्कुल, म्हणजे ईश्वरावरील भरवसा, या प्रकरणात गझाली अधिक सरळ बोलतात. समोर अन्न आहे, माणूस भुकेला आहे आणि ‘माझा भरवसा ईश्वरावर आहे’ असे म्हणून तो हात पुढे करत नाही, तर तो तवक्कुल नव्हे, निव्वळ वेडेपणा आहे. भाकरीवाचून पोट भरावे किंवा भाकरीनेच चालत आपल्याकडे यावे, अशी अपेक्षा धरणाऱ्याला ईश्वराची रीतच कळलेली नाही, असे ते म्हणतात. या आणि अशा वचनांमुळेच, गझाली शेवटपर्यंत पहिल्या उत्तरावर ठाम होते की दुसऱ्याकडे झुकले होते, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

न्यायाभ्यासक (वाई) यांचे उत्तर

सर, भाकरीच्या या दाखल्याने आमचे न्यायदर्शनातील गंगेश उपाध्याय आठवले. चार्वाक म्हणतो, आज धूर आणि अग्नी एकत्र दिसतात, उद्या दिसतील कशावरून? त्यावर उदयनाचार्यांनी शंकेला एक सीमा घालून दिली होती: जिथे शंका घेणाऱ्याचे वागणेच त्याच्या शंकेच्या विरुद्ध जाते, तिथे शंका थांबते. ‘तत्त्वचिंतामणी’त गंगेश तेच उलगडून सांगतात. धूर हवा असलेला माणूस अग्नी पेटवतो, तृप्ती हवी असलेला जेवायला बसतो आणि दुसऱ्याला काही पटवायचे असलेला शब्द उच्चारतो. मग हाच माणूस यांच्या कार्यकारणसंबंधाविषयी शंका आहे असे कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या बैठकीत सतराव्या प्रकरणासोबत ‘इह्या’तला हा उतारा आणि गंगेशांची ही ओळ एकत्र वाचता आली, तर साताऱ्यापर्यंत येण्याची माझी तयारी आहे.